बाळगुटीची पेटी: काष्ठं बरी, चिठ्ठी वाईट

बारशाला बाळगुटीची, म्हणजे सहाणेवर उगाळून तान्ह्याला चाटवायच्या काष्ठौषधींची, पेटी द्यायची टूम पुन्हा आली आहे. परीक्षणासाठी घेतलेली पेटी त्यातलीच: पॉलिश केलेलं लाकूड, आत सोळा खण, मधे तळहाताएवढी सहाण, कोपऱ्यात जरीच्या बटव्यात चकचकीत बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं भांडं), धुरीची एक पुडी आणि झाकणाच्या आत चार घड्यांची चिठ्ठी. किंमत ७५० रुपये. विक्रेत्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. बाजारातल्या बऱ्याच पेट्या थोड्याफार फरकाने अशाच भरलेल्या असतात, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या हातातल्या पेटीला लावून बघता येईल.

निकाल आधी. सोळा खणांपैकी अकरांतला माल चांगला, तीन खणांतला चालेल असा, दोन खणांतला परत करण्याजोगा. सहाण बरी. बोंडलं आणि धुरी बाजूला काढावी. चिठ्ठी मात्र बाळापर्यंत पोचायच्या आत फाडून टाकावी. पेटीचा खरा दोष लाकडात नाही, त्या कागदात आहे.

पेटी उलटी करून तळ वाचा. या पेटीवर १४ आकडी नंबर छापला आहे, तो अन्नपदार्थाच्या परवान्याचा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर औषधनिर्मितीचा परवाना लागतो; तो क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत लेबलवर यावी लागते. इथे यातलं काही नाही. म्हणजे विकायची खाऊ म्हणून आणि चिठ्ठीत गुण सांगायचे पोटदुखी, जंत, सर्दी, दात येणं, अपुरी झोप असे. कायद्याच्या तागडीत खाऊ, आईच्या मनात औषध. घेणाऱ्याने ही गोष्ट दुकानातच विचारावी. चांगला काष्ठौषधीवाला त्यावर रागावत नाही.

आता खण उघडू.

मुरुडशेंग उत्तम. पिळाच्या दोरीसारखी शेंग, पीळ घट्ट, कुठेही पांढरी बुरशी नाही. पोटात मुरडा येतो तर मुरड पडलेली शेंग द्या, हा जुना तर्क. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात ती भरपूर मिळते, म्हणून तीत भेसळ सहसा होत नाही. तिचा त्रास वेगळाच आहे. उगाळताना पिळाचे बारीक तंतू सुटतात आणि चाटणात केसासारखे राहतात. ते बाळाच्या घशात टोचतात, ठसका लागतो आणि घरात वाटतं की औषध तिखट लागलं. मुरुडशेंग उगाळली की चाटण गाळायचंच.

बाळहिरडा ‘चालेल’ या वर्गात. बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आत उतरवून वाळवलेलं कोवळं फळ: काळं, सुरकुतलेलं, मनुक्याहून थोडं मोठं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात आणि तिथल्या वर्षाच्या रोख कमाईत त्याचा मोठा वाटा असतो. एक फळ फोडून बघा. आत सलग काळं भरीव दिसलं तर बाळहिरडा. कठीण आठळी लागली तर तो मोठा हिरडा, आणि मोठा हिरडा पोट जास्त जोरात चालवतो. या पेटीत चार फळं होती, तीन बरोबर आणि एक आठळीचं. बाळाच्या औषधात तेवढंही नको.

मायफळ नाव ऐकून फळ वाटतं, पण ती ओकच्या फांदीवर एका बारीक माशीने अंडं घातल्यावर झाड जी गाठ धरतं ती आहे, आणि ती तुर्कस्तान-इराणकडून येते. गाठीला टाचणीएवढं भोक असेल तर माशी आतून बाहेर पडून गेलेली. अशी गाठ हलकी आणि कमी तुरट. बिनभोकाची, जड, हिरवट-करडी घ्यावी. इथली दोन्ही तशीच होती. काकडशिंगीसुद्धा गाठच, तीही किड्यामुळे धरलेली, पण आतून पोकळ. म्हणून वापरायच्या आधी ती मोडून आतली भुकटी झटकून टाकायची. न मोडता उगाळली तर बाळाला काष्ठौषधीसोबत वाळलेले मावेही, म्हणजे गाठ धरवणारे तेच किडे, जातात. चिठ्ठीत याचा उल्लेख नाही.

जायफळ जड, टणक, किडीच्या भोकांशिवाय, चांगलं. लांबुळकं आणि जवळजवळ बिनवासाचं निघालं तर ते रानजायफळ समजावं. वेखंड खरं, वासाला झणझणीत, अंगावर कड्यांच्या खुणा. त्या दोघांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण माल चांगला असणं इथे उलट जास्त काळजीचं. सुंठ बिनचुन्याची, तपकिरी, धागेदार. पांढरीशुभ्र दिसते ती चुन्यात बुडवलेली असते, ती टाळावी. ज्येष्ठमध आतून पिवळा, गोड. नागरमोथा, आंबेहळद, खारीक ठीक. बदाम दोन, दोन्ही गोड. बदाम वापरायच्या आधी प्रत्येकाचा कोपरा मोठ्या माणसाने चावून बघावा. कडू बदाम तोंडात ओळखू येतो, नुसत्या डोळ्यांना येत नाही, आणि त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

आस्कंदाच्या (अश्वगंधेच्या) मुळीला एका टोकाला पिठासारखी भुकटी होती. पिष्टमय मूळ असल्याने पोरकिडे सगळ्यांत आधी आस्कंदालाच लागतात. पेटीत कीड शिरली की नाही हे या एका खणावरून कळतं. मुळी ठोकून बघा, भुकटी पडली तर टाका. डिकेमाली हा डिंक. त्यात सालींचे आणि काड्यांचे तुकडे चिकटलेले होते, तशी ती नेहमीच येते. ती सहाणेवर उगाळायची वस्तूच नव्हे: चिकटून बसते, पुढच्या चार दिवसांच्या प्रत्येक चाटणाला तिचा उग्र वास येतो आणि रोज नकळत थोडी थोडी पोटात जाते.

परत करण्याजोगं पहिलं, हळकुंड. इतकं पिवळंजर्द आणि गुळगुळीत हळकुंड शेतातून येत नाही. हळकुंडांना पॉलिश करताना रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट लावण्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघडकीस आले आहेत. लेड म्हणजे शिसं. ते बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि बिनधोक असं त्याचं कुठलंच प्रमाण नाही. घरच्या घरी शिसं ओळखायची भरवशाची युक्ती नाही, त्यामुळे एकच उपाय: बाळासाठी पॉलिश न केलेलं, खरबरीत, मातकट पिवळं हळकुंड ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावं, नाहीतर तो खण रिकामा ठेवावा.

दुसरं, अतिविष. इथे जरा थांबायला हवं.

अतिविषाची कळी हा हिमालयात उंचावर होणाऱ्या झाडाचा कंद. झाड बचनागाच्या कुळातलं. बचनाग जहाल विष, अतिविष त्या मानाने सौम्य, आणि दोघांचे कंद नवख्याला सारखेच वाटू शकतात. अतोनात खोदाईमुळे खरं अतिविष दुर्मीळ आणि महाग झालं आहे, म्हणून त्याच्या नावाखाली भलतीच मुळं विकली जातात. खरी कळी दोन-तीन सेंटीमीटरची, निमुळती, वरून राखाडी. बोटांनी मोडली तर कट्कन तुटते, आत खडूसारखी पांढरी, आणि तुटलेल्या तोंडावर मध्याभोवती चार ते सात काळपट ठिपके दिसतात. चव कडू, पण जिभेला मुंग्या येत नाहीत. ही चवीची परीक्षा पुस्तकात असली तरी घरी करू नये; मुंग्या आल्याच तर तो बचनाग, आणि तोवर उशीर झालेला असतो. ठिपके दिसले नाहीत तर कळी बाजूला ठेवा, एवढं पुरे.

या पेटीत ‘अतिविष’ लिहिलेल्या खणात काय होतं? तपकिरी, केसाळ, मोडल्यावर सुवास येणारा कंद. म्हणजे नागरमोथा. तो शेजारच्या खणात त्याच्या स्वतःच्या नावाने आहेच. एकाच पेटीत नागरमोथा दोनदा, दोन नावांनी, एकदा दहापट भावाने! बाळाच्या दृष्टीने हा सुदैवी घोटाळा म्हणायचा, कारण नागरमोथ्याने फारसं बिघडत नाही. पण ज्याने नागरमोथा ओळखला नाही तो बचनाग ओळखेल याचा भरवसा कोणी द्यावा?

सहाण कुरुंदासारख्या दगडाची, खरबरीत, वजनदार. नवी सहाण लगेच वापरू नये. पाणी घालून नुसता दगडावर दगड घासा. पाणी गढूळ झालं की ती दगडाची कच. ती ओतून द्या, पुन्हा घासा. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहायचं. या सहाणेला सहा वेळा घासावं लागलं. काही पेट्यांत साच्यातली, वर मीना केलेली सहाण येते. ती दिसायला गोड असली तरी कितीही घासली तरी कच येतच राहते, आणि रंगीत मीन्यात काय आहे ते कोणी लिहीत नाही. चंदनाची सहाण वेगळी, गुटीची वेगळी.

आता चिठ्ठी. मजकूर असा: ‘जन्माच्या दहाव्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळीनंतर सर्व औषधांचा एक-एक वळसा मधातून द्यावा. दर महिन्याला एक वळसा वाढवावा. बाळ शांत झोपते व बाळसे धरते.’ वळसा म्हणजे काष्ठ सहाणेवर एकदा गोल फिरवणं. तीन वाक्यं, पाच चुका.

दहावा दिवस. पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, थेंब आणि ओआरएस हेच अपवाद. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतातले बालरोगतज्ज्ञ दोघेही हेच सांगतात. कारणं अगदी घरगुती आहेत: सहाण निर्जंतुक नसते, पाणी नसतं, बोट नसतं, आणि नवजात आतड्याला जंतुसंसर्ग झेपत नाही. शिवाय गुटीने पोट भरतं तेवढं दूध कमी ओढलं जातं. चार-पाच थेंबांनी काय होतंय, हा युक्तिवाद जंतूंना लागू पडत नाही.

मध. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी बंद होते, मग रडणं क्षीण होतं, पापण्या खाली येतात, मान टाकली जाते. शी बंद झाली म्हणून घरात मधातून आणखी एक वळसा हिरडा दिला जातो! मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत, आणि रानातला शुद्ध मध असणं हा इथे बचाव नाही.

‘सर्व औषधांचा.’ गुटीच्या जाणत्या बाया रोज सगळं कधीच उगाळत नसत. शी बघायच्या, मग ठरवायच्या. मायफळ आतडं बांधतं, हिरडा सोडतो. एका चमच्यात दोन्ही घालणं म्हणजे एकाच गाडीला पुढे-मागे बैल जुंपणं. जुलाबात मायफळ, बद्धकोष्ठात हिरडा, आणि सगळं ठीक असेल तर दोन्ही नाही, असा तो हिशेब होता. पेटीत काष्ठं आली, कधी कोणतं वगळायचं ते आलं नाही. आणि तान्ह्याच्या जुलाबाला पहिलं औषध आज मायफळ नाहीच. अंगावरचं दूध चालू ठेवून ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक हे पहिलं.

‘दर महिन्याला एक वळसा.’ सोळा काष्ठं आणि सहा वळसे म्हणजे सहाव्या महिन्यात शहाण्णव वळसे. सगळ्या काष्ठांचा वळसा सारखा नसतो. खारीक आणि आस्कंद मऊ, एका वळशात भरपूर झिजतात. मायफळ आणि हिरडा टणक, मोजून-मापून झिजतात. तेलकट जायफळ ओल्या सहाणेवर सुरुवातीला निसटतं आणि चांगलं रुतलं की एकदम जास्त सुटतं. त्यात हाताचा जोर, सहाणेचा खरबरीतपणा, आजीचा हात की आईचा. ज्याला नक्की जाणून घ्यायचं असेल त्याने सोनाराच्या काट्यावर, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या, कोरडं काष्ठ तोलावं, पन्नास वळसे काढावेत, काष्ठ दोन दिवस वाळवून पुन्हा तोलावं आणि फरकाला पन्नासने भागावं. न वाळवता तोललं तर शोषलेलं पाणी झिजलेल्या लाकडाहून जड भरतं आणि काष्ठ उगाळून वाढलं असा चमत्कार दिसतो.

‘बाळ शांत झोपते.’ हे वाक्य वाचलं की सावध व्हावं. शांत झोपवणारं काष्ठ जायफळ. मोठ्या माणसालाही पाच ग्रॅमच्या आसपास जायफळाची पूड गुंगी, धडधड, तोंडाला कोरड आणि भ्रम आणते, तीही लगेच नाही, काही तासांनी. म्हणून सकाळच्या गुटीचा दुपारच्या गाढ झोपेशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. दूध प्यायलाही न उठणारं बाळ ‘गुणी’ ठरतं. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळगोळी देत. ती अफूची असे, आणि तिचंही कौतुक हेच होतं, बाळ रडत नाही. त्या बायांना पाळणाघर नव्हतं, त्यांचा नाइलाज समजतो. ७५० रुपयांच्या पेटीला ती सबब नाही.

वेखंडही वेगळं काढावं. भारतातल्या वेखंडाच्या तेलात बीटा-अ‍ॅसारोन हे द्रव्य भरपूर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. आपल्याकडे वेखंड वांती घडवणारं म्हणून ओळखीचं आहेच: जास्त गेलं की बाळ ओकतं, आणि ओकताना श्वासनलिकेत जाण्याची भीती. बोलायला लवकर शिकावं म्हणून जिभेला वेखंड चोळणं सोडून द्यावं.

मग ही पेटी वापरायचीच नाही का? गुटी न दिल्याने बाळाचं काही अडत नाही, हे आधी. पण सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरचं अन्न सुरू झाल्यावर, बालरोगतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत वैद्याला विचारून घरची रीत म्हणून द्यायची असेल, तर सोळांतली पाच राहतात: सुंठ, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, खारीक, बदाम. हिरडा आणि मायफळ वैद्याने सांगितलं तरच, एका वेळी एकच. जायफळ, वेखंड, डिकेमाली, अतिविष बाहेर. ज्येष्ठमध गोड म्हणून रोज नको. सतत घेतल्यास अंगातलं पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो.

नवं काष्ठ तीन दिवसांत एकच, सकाळी, एक वळसा. बदामाच्या दिवशी दोन तास घरात राहावं: तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले, एकामागून एक उलट्या झाल्या की ती अ‍ॅलर्जी, आणि घरघर लागली तर थेट रुग्णालय.

कृती. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. सहाणेवर उकळतं पाणी ओतून निथळू द्यावं, पुसू नये. घरातलं फडकं सहाणेपेक्षा मळकं असतं. काष्ठ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून घ्यावं. सहाणेवर उकळून गार केलेलं पाणी किंवा काढलेलं अंगावरचं दूध, अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिली. वळसा म्हणजे सहाणेवर एक पूर्ण गोल, काष्ठ उभं धरून, जोर न देता. लहान हिरडा धरताना बोटाचं टोक दगडाला घासतं आणि कातडीही चाटणात जाते; तो चिमट्यात धरा नाहीतर उगाळूच नका. चाटण स्टीलच्या चमच्याने ओढून दुहेरी मलमलीतून गाळायचं. बोटांत चोळून बघा: कच, तंतू काही लागलं तर पुन्हा गाळा. बाळाला मांडीवर बसतं धरून, चमचा खालच्या ओठाला टेकवून, त्याच्या वेगाने. आडवं झोपवून, नाक दाबून, हातपाय धरून पाजायची जुनी पद्धत सर्वांत धोक्याची. गुटी फुप्फुसात जाते ती अशीच. उरलेलं टाकून द्यायचं. सकाळचं चाटण संध्याकाळी नाही, विशेषतः दुधातलं.

इथपर्यंत सगळं नीट करून पुढच्या पायरीवर बहुतेक घरं चुकतात: ओलं काष्ठ खणात ठेवून झाकण लावतात. पेटी हवाबंद जितकी चांगली, बुरशी तितकी लवकर. धुतलेली काष्ठं ताटात उभी करून दोन-तीन तास उन्हात, पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर, मगच पेटीत. पांढरी, हिरवी, काळी कुठलीही बुरशी दिसली तर ते काष्ठ टाकायचं, खरवडून वापरायचं नाही. बुरशीचं विष आत मुरलेलं असतं. खारीक, बदाम, जायफळ आणि ज्येष्ठमध यांत हा धोका सर्वांत जास्त. खारीक-बदाम तर पेटीत ठेवूच नयेत, लागेल तेव्हा डब्यातून नवे घ्यावेत.

पेटीसोबतच्या ‘भेटी’. बोंडलं जर्मन सिल्व्हरचं आहे. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. त्यातून पाजू नये. धुरीच्या पुडीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, धूप. बंद खोलीत शेगडीवर धुरी घेणं म्हणजे तान्ह्याच्या फुप्फुसात धूर आणि कोळशाचा विषारी वायू भरणं. ओवा बाळंतिणीच्या जेवणात वापरा. याहून महागड्या पेट्यांत सोन्याचा मुलामा दिलेली किंवा पंचधातूची काडी येते. पंचधातूच्या काही जुन्या याद्यांत शिसंही आहे. घरातली अंगठी उगाळणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं: जुन्या केडीएमच्या दागिन्यांत डाग द्यायला कॅडमियम वापरलेलं असे.

तयार गुटीच्या बाटल्या हा दुसरा पर्याय, आणि पेटीपेक्षा तो बरा म्हणता येत नाही. मात्रा मोजता येते हे खरं, पण साखरेचा पाक आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं सोबत येतात, आणि वगळायची सोयच उरत नाही. एका झाकणात सगळं. लेबलवर हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), पारा, मनशीळ (आर्सेनिकचं खनिज), बचनाग किंवा ‘भस्म’ दिसलं तर बाटली खाली ठेवा.

तिसरा पर्याय स्वस्त आणि सर्वांत शहाणा: पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत दादरला, जिल्ह्याच्या गावी बाजारपेठेत काष्ठौषधीचं जुनं दुकान असतं. तिथे पाच काष्ठं सुटी घेतली तर पेटीच्या किमतीच्या छोट्या भागात काम होतं, आणि फोडून दाखवा म्हटलं की दुकानदार मुरुडशेंग मोडून दाखवतो. सहाण घरात असतेच.

परदेशात पेटी मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत बऱ्याच बाळांची १२ आणि २४ महिन्यांना रक्तातल्या शिशाची तपासणी होते, डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आकडा आला की कारण शोधायला सांगतात. त्या वेळी गुटी, हळद, काजळ, कुंकू हे सगळं न विचारता सांगावं. लाजून लपवलं तर भिंतींचा रंग खरवडत बसतात आणि हळकुंड पेटीतच राहतं.

आणि बाळ जास्तच पेंगत असेल, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त गेलं, टाळू खोल गेली किंवा वर आली, सहा तास लघवी झाली नाही, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर कुठलंही काष्ठ उगाळत बसू नये. रुग्णालयात जाताना पेटी पिशवीत घालून सोबत न्यावी, आणि सहाणेवर उरलेलं चाटण धुऊ नये, वाटीत काढून तेही न्यावं. ‘घरचंच काहीतरी दिलं होतं’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. तुकडा हातात दिला, किती वळसे आणि किती वाजता ते सांगितलं, की कळतं.